वाकळीला साटीनचे ठिगळ

सुगी आटोपली, ऊन तापू लागले, की कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक गावांतून दुपारच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. सोप्यात किंवा अंगणातील झाडाच्या सावलीला एक मोठे कापड जमिनीवर ताणून पसरलेले असते. त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवलेले असतात. दोन-तीन स्त्रिया समोरासमोर बसून कडेकडेने टाके घालीत आत सरकत असतात. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी वाकळ उरकली पाहिजे, अशी घाई असते. एकदा पाऊस लागला, की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. भिंतींना ओल येते, जमीन गार पडते आणि मग वर्षभर कोनाड्यात पडलेल्या त्या वाकळीची खरी किंमत घराला कळते.

गेल्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाला महिला बचत गटाने शिवलेल्या वाकळी पाहावयास मिळाल्या. प्रदर्शनात मांडण्यासाठी म्हणून गटाने त्यांत साटीन, मखमल आणि खणाचे तुकडे वापरले होते. लांबून पाहता त्या फार देखण्या होत्या. परंतु जवळ गेल्यावर निराळे दिसले. तांबड्या साटीनचा रंग शेजारच्या पांढऱ्या सुती पट्टीवर उतरला होता. काही तुकड्यांच्या कडा उसवून धागे लोंबत होते आणि मधला भाग सुरकुतून फुगला होता. विकलेल्यांपैकी काही वाकळी पहिल्या धुण्यानंतर परत आल्या होत्या. गटातील वयाने मोठ्या असलेल्या मावशींनी विचारले, "साहेब, दिसायला लई भारी झालत्या, पर एका धुण्यात वाट लागली. आमचं शिवायचं चुकलं, का कापाडच वंगाळ?"

प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. पुढे वस्त्रोद्योगातील जाणकारांशी आणि वाकळी शिवण्यात हयात गेलेल्या स्त्रियांशी बोलल्यावर जे उमगले, ते या लेखात मांडले आहे. महिला गटांना मार्गदर्शन करणारे अधिकारी, कार्यानुभवाचे विषय घेणारे शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांना ते उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

वाकळ आणि रजई

महाराष्ट्रात अन्यत्र जिला गोधडी म्हणतात, तिलाच दक्षिण महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केलेली लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. वरचे एक कापड, खालचे एक कापड आणि त्यांच्या मध्ये जुन्या धडप्यांचे तीन-चार थर, ही वाकळीची सर्वसाधारण रचना होय. हे सारे थर धावदोऱ्याने एकमेकांशी जखडलेले असतात. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालीत मध्यभागी येण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे कापड मध्ये गोळा होत नाही आणि आधी कडा पक्क्या होतात.

या कामात श्रम किती, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. सात फूट लांब व पाच फूट रुंद अशी वाकळ घेतली आणि टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून एक इंच अंतरावर धरल्या, तर ओळींची एकूण लांबी सुमारे ४२० फूट होते. इंचाला चार टाके या हिशेबाने वीस हजारांहून अधिक टाके एका वाकळीत पडतात. हा आकडा ध्यानी ठेवावा. कापडाच्या निवडीत झालेली एक चूक या वीस हजार टाक्यांवर पाणी फिरवते.

रजईची गोष्ट वेगळी. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि वरचे आवरण केवळ तो कापूस धरून ठेवते. म्हणून रजईला साटीनचे गुळगुळीत आवरण पूर्वीपासून चालत आले आहे. साटीनला आपल्या जुन्या मराठीत अतलस हा शब्दही होता. श्रीमंतांच्या घरी अतलसाच्या नि किनखापाच्या रजया असत, तर कुणब्याच्या घरी लुगड्याची वाकळ. परंतु रजई सहसा घरी धूत नाहीत, वाकळ मात्र धुतात. दगडावर आपटून, पिळून, कुंपणावर वाळत घालून धुतात. शिवाय वाकळीत प्रत्येक थर दुसऱ्याशी बांधलेला असल्याने धुतल्यावर सर्वच कापडांनी सारखे वागावे लागते. एकाने आटावे आणि शेजारच्याने आटू नये, असे झाले की वाकळीचे रूप बिघडते. रजईला शोभणारे कापड वाकळीला जसेच्या तसे का चालत नाही, याचे मूळ येथे आहे.

जुनेर बदलले

वाकळीत साटीन घालावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हौसेत नसून घरातील कपड्यांच्या पेटीत आहे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याचे चार समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. दोन-दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले, की एका लुगड्यात वाकळीची वरची व खालची अशा दोन्ही बाजू निघतात. आतल्या थरांना फाटके धोतर, पटका, धडपे लागत. नेसून, धुऊन मऊ झालेल्या अशा लुगड्याला जुनेर म्हणत. ते आधीच भरपूर धुतलेले असल्याने पुन्हा आटत नसे, त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असे आणि ते घामही टिपून घेई. कापडशास्त्राचा एकही शब्द न वाचता आपल्या आजी-पणजींनी वाकळीसाठी सर्वांत योग्य कापड निवडले होते.

हे कापड जवळपासच तयार होई. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला आणि त्यातून पुढे महाराष्ट्रातील एक मोठे वस्त्रकेंद्र उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. ती गिरणी आज बंद असली, तरी शाहू मिल हे नाव शहरात अजून नांदते आहे. सीमेपलीकडून इलकलची लुगडी येत, गुळेदगुड्डचे खण येत. घरोघर सुती कापडाचा साठा आपोआप होत असे.

१९७० नंतरच्या दशकांत नायलॉनच्या व पुढे पॉलिएस्टरच्या साड्या खेडोपाडी पोहोचल्या. त्या स्वस्त होत्या, लवकर वाळत, चुरगळत नसत आणि वर्षानुवर्षे फाटत नसत. शेतात राबणाऱ्या स्त्रीला त्या सोयीच्या वाटल्या, यात नवल नाही. नऊवारी नेसणारी पिढी हळूहळू कमी झाली. आज घरातील गाठोडे सोडले, तर त्यात टेरिकॉटचे सदरे, जॉर्जेटच्या साड्या, मुलींचे साटीनचे परकर आणि सजावटीचे चकचकीत पडदे निघतात. शिंप्याच्या दुकानातून मिळणाऱ्या चिंध्यांतही याच कापडांचा भरणा असतो. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीणही जरीच्या साडीला जेवढा भाव देते, तेवढा या साड्यांना देत नाही. तेव्हा वाकळ शिवणाऱ्या स्त्रीपुढे दोनच मार्ग उरतात. एक, नवे सुती कापड विकत घ्यावयाचे. किंवा जे घरात आहे, त्यातून निभावायचे. साटीनचा प्रश्न असा निकडीतून आला आहे.

साटीन ही वीण आहे

साटीनविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. साटीन हा एक प्रकारचा धागा आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक साटीन हे विणण्याच्या पद्धतीचे नाव आहे. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून व पुढच्याच्या खालून जातो. मांजरपाट, मलमल, धोतर ही या विणीची उदाहरणे होत. साटीनच्या विणीत एक धागा सलग चार किंवा सात धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाच्या खाली बुडी मारतो. ही बुडी शेजारच्या ओळीत त्याच जागी येत नाही, थोडी सरकवून घातलेली असते. त्यामुळे पृष्ठभागावर लांबच लांब मोकळे धागे पसरतात, त्यांवरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि कापड चकाकते. चीनमधील च्वानचौ या बंदराला अरब व्यापारी झैतून म्हणत. साटीन हे नाव त्यावरूनच आले असावे, असे मानतात.

या विणीतच साटीनचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. मोकळे धागे आहेत म्हणून ते मऊ व तकतकीत. पण तेच धागे पायातील जोडव्यात, हातातील बांगडीच्या टवक्यात किंवा बाजेच्या खिळ्यात अडकून ओढले जातात. धाग्यांची पकड सैल असल्याने कापलेली कड लवकर विसकटते. आणि पृष्ठभाग घसरता असल्यामुळे संपूर्ण साटीनची वाकळ झोपेत अंगावरून निसटते. गटातील एका बाईंनी हे मार्मिक शब्दांत सांगितले : "अंगावर घेतली तर घटकाभर ऱ्हाती, डोळा लागला की भुईला."

तीच वीण रेशमाची असू शकते, सुताची असू शकते, रेयॉनची वा पॉलिएस्टरची असू शकते. सुती साटीन हे वाकळीला अगदी योग्य असे कापड आहे. ते धुता येते, घाम टिपते आणि माफक चमकही देते. मात्र बाजारात स्वस्तात मिळणारे व चिंध्यांत येणारे साटीन बहुधा पॉलिएस्टरचे असते. म्हणून 'साटीन आहे का' एवढे विचारून भागत नाही, ते 'कशाचे आहे' हे पाहावे लागते.

पाण्यात आणि विस्तवाजवळ

प्रत्येक तंतूचा स्वभाव वेगळा असतो. सूत पाणी भरपूर शोषते, पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते आणि विशेष म्हणजे ओले असताना थोडे अधिक बळकट होते. म्हणूनच सुती वाकळ धोपटून धुतली तरी टिकते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ते झटकन वाळते, आटत नाही; पण उन्हाळ्यात अंगाला चिकचिकते. रेयॉन, म्हणजेच कृत्रिम रेशीम, दिसायला रेशमासारखे असते. परंतु ओले झाले की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. इलकलच्या पुष्कळ लुगड्यांचे अंग सुती आणि काठ-पदर कृत्रिम रेशमाचे असतात. अशा लुगड्याची वाकळ नदीवर धुताना पदराचा भागच प्रथम का फाटतो, हे कोडे यावरून उलगडते. खऱ्या रेशमालाही कडक साबण व सोडा मानवत नाही.

विस्तवाजवळ हा फरक अधिक गंभीर होतो. सुती कापड पेट घेते, पण त्याची राख होते. पॉलिएस्टर आणि नायलॉन तापल्यावर आकसतात, वितळतात आणि तो वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. त्याने झालेली भाजणी खोल असते. आपल्या ग्रामीण भागात बाळंतिणीला शेक देण्याची, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवण्याची आणि बाळाला धुरी देण्याची चाल अद्याप काही घरांतून आहे. एका अंगणवाडी सेविकेने दाखविलेले दुपटे प्रस्तुत लेखकाच्या स्मरणातून जात नाही. ठिणगी उडून त्याच्या सुती भागावर केवळ तपकिरी डाग पडला होता. शेजारच्या साटीनच्या फुलाला मात्र रुपयाएवढे भोक पडून त्याची कड काचेसारखी टणक झाली होती. सुदैवाने त्या वेळी बाळ दुपट्यात नव्हते.

यास्तव एक नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये. दुपटे, कुंची व बाळाच्या अंगाला लागणारे प्रत्येक कापड सुती आणि धुऊन मऊ झालेले असावे. पूर्वापार कुंचीला खण, रेशीम किंवा साटीन लावण्याची हौस आहे. ती बारशाच्या दिवशी घटकाभर पुरवावी आणि नंतर कुंची घडी घालून ठेवावी. दुपट्यावर जर, टिकल्या, आरसे, मणी लावू नयेत. ते सैल होऊन बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते. झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या तोंडावर कोणतेही पांघरूण येऊ देऊ नये.

कापड कसे ओळखावे

दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा एक सोपी परीक्षा आहे. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे काढून ते चिमट्यात धरावेत आणि ज्योतीजवळ न्यावेत. खाली पाण्याने भरलेली थाळी असावी आणि ही परीक्षा मोठ्या माणसांनीच करावी. सुती धागा चटकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ, करडी राख उरते. रेयॉनही जवळजवळ असेच जळते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो व राख चुरगळता येते. पॉलिएस्टर व नायलॉन ज्योतीपासून आकसतात, वितळतात आणि शेवटी बोटांनी न फुटणारा टणक मणी तयार होतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात. सूत आणि रेयॉन यांतील फरक पाण्याने कळतो. धागा ओला करून ओढावा. रेयॉनचा धागा सहज तुटतो.

रंगाची परीक्षा याहून सोपी आहे. पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा घेऊन तो रंगीत तुकड्यावर जोराने घासावा. बोळ्याला रंग लागला, तर तो तुकडा वेगळा काढून पुन्हा पुन्हा धुवावा. तरीही रंग जात राहिला, तर तो वाकळीत घालू नये. करवीर तालुक्यातील त्या गटाने एवढी एक परीक्षा केली असती, तरी निम्मे नुकसान टळले असते.

शिवताना घ्यावयाची काळजी

साटीन, मखमल, खण किंवा रेशीम यांचे तुकडे वापरावयाचे असल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) नवे सुती कापड प्रथम रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावे. ते जेवढे आटावयाचे तेवढे शिवण्यापूर्वी आटू द्यावे. गटाच्या वाकळी सुरकुतल्या, त्या हे न केल्यामुळे. सूत आटले आणि साटीन जसेच्या तसे राहिले; मग ते फुगणारच.

२) खालची, म्हणजे अंगाला लागणारी बाजू आणि आतले सर्व थर सुतीच ठेवावेत. साटीनचे तुकडे वरच्या बाजूला शोभेपुरते असावेत. वाकळ अंगावरून घसरत नाही आणि घामही टिपला जातो.

३) साटीनच्या प्रत्येक तुकड्याला मागून जुन्या मलमलीचा किंवा धोतराचा आधार द्यावा. दोन्ही कापडे कच्च्या टाक्यांनी जोडून मग एकच कापड समजून शिवावे. त्यामुळे तुकडा सरकत नाही व टाक्याचा ताण मोकळ्या धाग्यांवर येत नाही.

४) शिवणीसाठी दुमडण्याची कड सुती कापडापेक्षा अधिक, निदान अर्धा ते पाऊण इंच सोडावी. टाचणी लावावयाची ती या कडेतच लावावी. साटीनवर टाचणीचे भोक कायम राहते.

५) सर्व तुकडे एकाच दिशेने कापावेत. साटीनचा धागा उभा असताना एक चमक दिसते व आडवा असताना दुसरी. मखमलीची लवही एका बाजूला झुकलेली असते. दिशा बदलली, की एकाच रंगाचे दोन तुकडे निरनिराळे दिसू लागतात.

६) सुई बारीक व नवी घ्यावी. गोधडीची जाड सुई साटीनचा धागा तोडते. मखमलीवरून धावदोरा घालू नये, टाका लवेत बुडतो. तुकड्याच्या कडेने घालावा.

७) मोठे तुकडे टाळावेत. हाताच्या पंजाएवढा तुकडा चारी बाजूंनी टाक्यांत पकडला जातो. त्याहून मोठा असेल, तर मधूनही टाके घालावेत, म्हणजे मोकळा धागा अडकण्याचे प्रमाण कमी होते.

८) जुन्या पैठणीचा किंवा शालूचा काठ लावावयाचा असेल, तर तो पायथ्याशी लावावा. जर अंगाला टोचते. काठ जिरला असल्यास घडीवर तुटतो, म्हणून त्यालाही मागून अस्तर हवे.

९) इस्त्री उलट बाजूने, कोमट आणि मध्ये सुती कापड ठेवून करावी.

खणाचा विशेष उल्लेख केला पाहिजे. चोळीच्या या कापडाचा काठ आणि बारीक वेलबुट्टी वाकळीत फार शोभते. त्याची वीण साटीनपेक्षा घट्ट असल्यामुळे ते हाताळण्यासही सोपे जाते. जुन्या चोळ्यांच्या पाठी व बाह्या यांतून निघणारे त्रिकोणी तुकडे तसेच वापरावेत.

अन्यत्र काय घडले

भिन्न कापडे एकत्र आणण्याचा प्रयोग जगात पूर्वीही झाला आहे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात रेशीम, साटीन व मखमल यांचे वेडेवाकडे तुकडे जोडून गोधड्या करण्याची लाट आली होती. त्या दिवाणखान्यात मांडण्यासाठी असत, पांघरण्यासाठी नव्हे. त्या काळी रेशमाचे वजन वाढविण्यासाठी त्यावर कथिलाच्या क्षारांची प्रक्रिया करीत. परिणामी अशा गोधड्यांतील रेशीम आज वस्तुसंग्रहालयांत आपोआप चिरफाळलेले दिसते. याउलट उत्तर इंग्लंडच्या व वेल्सच्या स्त्रियांनी सुती साटीनच्या गोधड्या शिवल्या; त्या धुतल्या गेल्या, वापरल्या गेल्या आणि पुष्कळशा टिकल्याही. वीण एकच, पण तंतू वेगळा. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

आपल्या देशातही बंगालची कंथा, बिहारची सुजनी, राजस्थानकडील रल्ली या वाकळीच्याच बहिणी आहेत. आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंड. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्या ती शिवतात. कडेपासून मध्याकडे येण्याची रीत आपल्यासारखीच. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची 'फुला' लावल्याखेरीज कवंड पुरी झाली, असे त्या मानीत नाहीत. चकचकीत कापडाचा मोह आवरून तो कोपऱ्यापुरता ठेवावा, ही सूचना त्यातून घेण्यासारखी आहे.

धुणे आणि वाळवणे

नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची आपली प्रथा आहे. घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत पंचगंगेचे, भोगावतीचे, दूधगंगेचे काठ वाकळींनी रंगीबेरंगी होऊन जातात. साटीन लावलेली वाकळ मात्र धोपटू नये. सौम्य साबणाच्या थंड पाण्यात ती दाबून धुवावी, पिळू नये आणि उलट बाजू वर करून सावलीत वाळवावी. ज्या वाकळीला हे जमणार नाही, तिला साटीन लावूच नये. रोजच्या वापराची व पाहुण्यांसाठीची वाकळ असा भेद ठेवणे हिताचे.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी जिल्ह्याला वाकळीविषयी आणखी एक धडा दिला. पाणी ओसरल्यावर घरोघरी भिजलेल्या अंथरुणांचे ढीग बाहेर पडले. चिखलाच्या पाण्यात कुजलेली जाड वाकळ पुन्हा वापरण्याजोगी होत नाही. पूरप्रवण गावांतील कुटुंबांनी पाच-सहा थरांच्या एका जाड वाकळीऐवजी तीन थरांच्या दोन वाकळी कराव्यात. त्या उचलण्यास हलक्या, वाळण्यास सोप्या आणि थंडीत एकीवर एक घेतल्या, तर तेवढ्याच उबदार होतात.

गट, शाळा आणि पंचायत

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, अर्थात 'उमेद', २०११ पासून सुरू आहे. यांच्या माध्यमातून गावोगाव महिलांचे गट उभे राहिले असून मुंबईतील महालक्ष्मी सरस यांसारख्या प्रदर्शनांतून त्यांच्या वस्तूंना शहरी ग्राहक भेटतो. शिंपीकाम करणाऱ्यांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य व सवलतीचे कर्ज यांची तरतूद आहे. परंतु कर्ज आणि बाजार मिळूनही वस्तू पहिल्या धुण्यात बिघडली, तर ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून गटाने प्रत्येक वाकळीला एक लहान सुती चिठ्ठी शिवावी. वरचे कापड कशाचे, आतले कशाचे, धुवावे कसे आणि विस्तवापासून दूर ठेवावी की कसे, एवढे चार शब्द त्यावर मराठीत लिहावेत. किंमत ठरविताना कापडाबरोबर कामाचे तासही मोजावेत. घरच्या घरी केलेले काम फुकटचे, ही समजूत वीस हजार टाक्यांचा अपमान करणारी आहे.

शिक्षकांना यात एक चांगला पाठ सापडेल. विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या कापडांचे दहा इंच चौरस तुकडे मापून घ्यावेत, धुऊन वाळवावेत आणि पुन्हा मापावेत. दहाचे साडेनऊ इंच झाले, तर कापड शेकडा पाच आटले. टक्केवारीचे गणित, विज्ञान आणि घरचे काम एकाच वेळी शिकविले जाते. मुलांनी घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून वाकळीतील प्रत्येक तुकड्याची कुळकथा लिहून आणावी. कोणते लुगडे कोणाचे, कोणत्या लग्नातले, हे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.

ग्रामपंचायतींनीही दोन गोष्टी करता येतील. अंगणवाडीत मातांच्या बैठकीच्या वेळी दुपटे सुतीच असावे, याची समज द्यावी. आणि नवरात्रापूर्वीच्या धुण्यासाठी नदीपात्राबाहेर पाण्याच्या टाकीची व वाळवणाच्या जागेची सोय करावी, म्हणजे साबणाचे पाणी थेट नदीत जाणार नाही.

गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणत. चिंधीला अंगावर मानाने वागविणाऱ्या त्या पुरुषाने गावे झाडून स्वच्छ केली. टाकाऊ वस्तूचा उपयोग आणि स्वच्छता या दोन गोष्टींची गाठ आपल्या परंपरेत अशी पक्की आहे. साटीनच्या चिंधीलाही त्या परंपरेत जागा आहे. ती योग्य ठिकाणी मिळाली पाहिजे, एवढेच.

हे सारे समजून घेतल्यावर प्रस्तुत लेखक पुन्हा त्या गावी गेला. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर असे होते, की शिवणेही चुकले नव्हते आणि कापडही वंगाळ नव्हते. दोन भिन्न स्वभावांच्या कापडांची सोयरीक पत्रिका न पाहता जुळविली गेली होती. हे ऐकून त्या हसल्या. परत आलेल्या वाकळींचे टाके उसवून सुती भाग त्यांनी आधीच वेगळे केले होते. ते आता धुऊन आटले होते, रंगही जायचा तेवढा गेला होता. शेजारी साटीनच्या पंजाएवढ्या तुकड्यांची चळत होती आणि प्रत्येकाच्या मागे जुन्या धोतराचे अस्तर टाचलेले होते. मृगाला अजून अवकाश होता.